खताच्या ढिगाला लाह्या आणि दूध

समस्त रहिवासी, पाहुणेरावळे आणि विशेषतः महिला मंडळ यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या घरामागे कुंपणालगत जो कंबरभर उंच, शेणामातीने लिंपलेला आणि जागोजागी भोके असलेला उंचवटा दिसतो, ते वारूळ नाही. ते पूर्वीही वारूळ नव्हते. तो भाजीच्या वाफ्यांसाठी रचलेला खताचा ढीग आहे. त्यास हळदकुंकू वाहणे, लाह्या उधळणे, दूध ओतणे आणि त्याभोवती फेर धरणे यांस सक्त मनाई आहे. हुकुमावरून.

हा मजकूर मी सुवाच्य अक्षरात लिहिला, आरशासमोर उभा राहून घोगऱ्या आवाजात वाचून पाहिला आणि स्वतःवरच खूश झालो. फक्त तो सुचला नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. लावायला हवा होता आदल्या दिवशी. शहाणपण आमच्याकडे नेहमी मागच्या गाडीने येतं.

आमची कॉलनी नांदेडहून विष्णुपुरीकडे जाताना लागते. घर बांधलं तेव्हा मागे थोडी जागा उरली. बायकोचं म्हणणं, तिथे फरशी टाकून घ्यावी, वाळवणाला बरी. माझं म्हणणं, भाजी लावावी. मी ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवतो. मेलेल्या राजांच्या सहवासात आयुष्य काढल्यावर माणसाला काहीतरी जिवंत वाढवावंसं वाटतं. बायको म्हणाली, "लावा. पण तिथून एक जरी किडामुंगी घरात आली, तर दुसऱ्या दिवशी फरशी." मी मान डोलावली.

आमची माती काळी. काळी म्हटलं की लोक "वा, कसदार!" म्हणतात. कापसाला असेल कसदार. वाफ्यातल्या मेथीची मात्र ती सावत्र आई आहे. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की माझं एक खुरपं त्यात गेलं ते गेलंच. पावसात ती चपलेला चिकटते आणि माणूस दोन बोटं उंच होतो. "एवढ्या एकाच वेळी तुम्ही माझ्या बरोबरीचे दिसता," असं बायको म्हणायची. पहिल्या वर्षी मेथी अंगठ्याएवढी आली, पिवळी पडली आणि देवाघरी गेली. पालकाने तर जन्मच घेतला नाही.

मग विचारत, वाचत, चुकत मला एवढं कळलं की मातीला औषध नको असतं, जेवण हवं असतं. आणि तेही कुजवून, मऊ करून, म्हाताऱ्याला भरवावं तसं. मी कामाला लागलो. सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, कडुलिंबाचा पाला, अर्धापूरकडून येणाऱ्या एका सहकाऱ्याने गाडीच्या डिकीत घालून आणलेली हळदीची वाळकी पानं. त्यांचे थर, मधूनमधून शेणाचा काला, वर पाणी. थर रचताना मध्ये बांबू उभे-आडवे घालायचे, सगळा ढीग शेणामातीने लिंपायचा आणि लिंपण वाळलं की बांबू ओढून काढायचे. मागे भोकं राहतात. त्या भोकांतून ढीग श्वास घेतो. श्वास कोंडला तर आतला पाला कुजण्याऐवजी सडतो आणि गल्ली तुमच्या नावाने नाक धरते.

ढीग आतून तापतो, हे मला कळलं तेव्हा मी लहान मुलासारखा नाचलो होतो. पहिले काही दिवस आत हात धरवत नाही. मग हळूहळू उतरत तो अंगाच्या तापाएवढा कोमट होतो. रोज सकाळी शर्टाची बाही वर करून मी कोपरापर्यंत हात वरच्या एकेका भोकात घालायचो आणि डॉक्टरांसारखा चेहरा करायचो. "आज बरं आहे," असं ढिगाला सांगायचो. त्या खताने गेल्या वर्षी वाफ्याची माती अशी बदलली की मुठीत दाबली तर लाडू व्हावा आणि बोटाने टोचला तर भुगा व्हावा. न बोलावता गांडुळं आली. मेथी गुडघ्याला लागली. मी येणाऱ्याजाणाऱ्याला माती हुंगायला लावत असे. काही लोकांनी तेव्हापासून येणं कमी केलं.

तर असा हा ढीग. ज्येष्ठातच तो कोमटावर आला होता. श्रावण लागला आणि लातूरहून माझ्या सासूबाई पंचमीला आल्या.

आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. मामींचं वय झालंय आणि दोन्ही गुडघे गेलेत. त्या बसल्या की उठवायला दोन माणसं लागतात, आणि त्यातला एक जावई असेल तर त्या उठतच नाहीत. इतक्या वर्षांत माझ्यासमोर त्यांचा पदर डोक्यावरून घसरलेला नाही. मी पाया पडायला वाकलो की त्या दोन पावलं मागे सरकतात, कारण जावयाने पाया पडणं त्यांना पटत नाही. पण जिभेला त्यांनी कधी पदर घेतलेला नाही.

आल्या दिवशी चहाचा कप घेऊन त्या मागच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांची नजर ढिगावर गेली.

"आगं, तुझ्या दारात वारूळ हाय, अन् तू मला सांगितलं न्हाईस?" त्या लेकीला म्हणाल्या.

"आई, ते ह्यांचं खत आहे."

"मामी, त्यात शेण आहे, कुजका पाला आहे," मी म्हणालो.

"मग वारुळात काय अत्तर असतंय?"

 आमच्या कॉलनीपलीकडच्या रानात पूर्वी खरं वारूळ होतं, बायका तिथे जायच्या. रानाचे प्लॉट पडले, जेसीबीने वारूळ सपाट झालं. तेव्हापासून सगळ्याजणी घरातल्या घरात पूजा उरकत होत्या आणि चुटपुटत होत्या. मामींनी संध्याकाळपर्यंत कुंपणावरून चार घरांना आमंत्रण दिलं. चार घरांनी पुढच्या घरांना दिलं. मी म्हटलं, होऊ दे. शेणामातीचा ढीग आहे, चार लाह्या पडल्या तर कुजून खतच होईल. मला खरं तर आतून फुशारकी वाटत होती. कुणाच्या खताची पूजा होते हो?

पंचमीच्या सकाळी, बायका यायच्या आधी, मी नेहमीप्रमाणे बाही वर केली आणि तळाजवळच्या, एरवी वाकायच्या कंटाळ्याने राहून गेलेल्या एका भोकात हात घातला.

बोटांना काहीतरी लागलं. मऊ, कोरडं, लांबट, एकमेकाला चिकटलेलं. मला वाटलं, बटाटे. आठवड्यापूर्वी मी सडके बटाटे भोकांतून आत ढकलले होते. मी एक दाबून पाहिला. चामड्याच्या पाकिटासारखा तो थोडा दबला आणि परत वर आला. बटाटा असा परत वर येत नाही.

मग तो हलला.

हात बाहेर कसा आला ते मला आठवत नाही. पाय वाफ्यात रोवून मी उभा होतो.  मी मोबाईलची बॅटरी लावली, हात लांब करून उजेड भोकात टाकला आणि वाकून पाहिलं. आत पांढरी, लांबट अंडी होती, एकमेकांना बिलगलेली. एका अंड्याला चीर गेली होती. त्या चिरेतून एक नाक बाहेर आलं होतं. नाकाच्या मागे दोन डोळे होते आणि ते माझ्याकडे बघत होते.

तिथे उभ्या उभ्या मला सगळा हिशोब कळला. ऊब मी दिली होती. ओल मी दिली होती. अंधार, वारा, आत यायला बांबूच्या मापाची दारं, सगळं मीच केलं होतं. रोज सकाळी तसल्याच दारांतून मी उघडा हात कोपरापर्यंत आत घालत होतो, आणि ती, जी कुणी होती ती, आत वेटोळं घालून बसलेली असताना मी म्हणत होतो, "आज बरं आहे."

आणि आता त्याच भोकासमोर माझी सासू अनवाणी बसणार होती.

मी स्वयंपाकघरात धावलो. बायको पुरणाची दिंडं उकडत होती. पंचमीला आमच्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही.

"साप," मी म्हणालो. "अंडी. ढिगात. फुटतायत."

ती पांढरी पडली. फरशीचा विषयसुद्धा तिने काढला नाही, यावरून काय ते समजा. "आईला सांगा," ती म्हणाली. "लगेच सांगा. ऐकलं की थांबेल ती."

आम्ही दोघांनी मिळून मामींना सांगितलं. त्या ओट्याशी उभ्याने लाह्या निवडत होत्या. हात थांबला. चेहरा उजळला.

"खरं सांगायलाव?"

"मामी, माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"आवं, म्हंजी देव सोता आलाय! आजच्या दिवशी!"

"मामी, विषारी असतील."

"जावईबापू, नाग म्हंजी भाऊ. काल मी त्याचाच उपास धरला. कुठला भाऊ बहिणीला डसतो?"

"वाटणीच्या वेळी सगळेच डसतात," बायको पुटपुटली. पण मामी तोवर कुंपणाशी पोचल्या होत्या. "आवं ऐकलं का! आमच्या जावयाच्या वारुळात नाग पिल्लं घालून बसलाय!" ज्या बायका येणार नव्हत्या, त्याही निघाल्या. कुणी ठेवणीतलं लुगडं काढलं, कुणी तान्हं कडेवर घेतलं. तान्ही पोरं! मी डोकं धरून पायरीवर बसलो.

आमच्या दोन गल्ल्यांपलीकडे एक सर्पमित्र राहतात. रेल्वेच्या ऑफिसात कारकून आहेत, अंगाने भरलेले, बोलायला गोड. पालीला घाबरतात, सापाला नाही. फोन केल्याबरोबर ते डोक्यावरचं हेल्मेट न काढता, हातात आकडी आणि कापडी पिशवी घेऊन आले. वाकून भोकात बघितलं. 

"सर, मादी कुठं दिसत न्हाई, अन् नुसत्या अंड्यावरून सांगता येत न्हाई," ते म्हणाले. "धामण असली तर काहीच भ्या न्हाई, शेतकऱ्याची मैत्रीणच ती. नाग असला तर मात्र पिल्लू जन्माला येतानाच विष घेऊन येतंय. लहान म्हणून कमी समजू नये."

"मग काढा ना! आत्ता काढा!"

त्यांनी माझं फावडं उचललं. ढिगाच्या आणि फावड्याच्या मध्ये मामी येऊन उभ्या राहिल्या.

"आज मातीला लोखंड लावायचं न्हाई."

"मामी, तुमच्या जिवाचा प्रश्न आहे."

"नांगर बंद, कुदळ बंद, खुरपं बंद. खाली लेकरं असत्यात त्याची. फावडं लागलं तर पाप कुणाच्या माथी?"

मी सर्पमित्रांकडे पाहिलं. माझी सगळी आशा त्या हेल्मेटमध्ये होती. त्यांनी फावडं हळूच भिंतीला टेकवलं.

"सर, खरं सांगू का," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आज मी पण खणत न्हाई. माझ्या आईला कळलं तर ती मला घरात घेणार न्हाई. अन् त्या म्हणतात ते बरोबरच हाय, फावडं लागंल अंड्याला."

"मग हाताने काढा."

"हातानं तुमी काढा. तुमच्या हाताला आतली वाट ठाऊक हाय."

शेवटी तह झाला. सर्पमित्र ढिगाशी आकडी घेऊन पहारा देणार. ढिगापासून लांब रांगोळीची रेघ ओढायची आणि कुणीही ती ओलांडायची नाही. लाह्या रेघेवरून टाकायच्या. दूध वाटीत ठेवायचं, आत ओतायचं नाही. उद्या सकाळी, पंचमी सरल्यावर, सर्पमित्र सगळा ढीग मोकळा करणार. मी स्वतः रेघ ओढली. ती रेघ कसली, वळणं घेत गेलेली गोदावरीच दिसत होती.

बायका आल्या. घरामागची जागा भरली. सगळ्या अनवाणी, रेघेच्या अलीकडे, माना उंच करून बघणाऱ्या. "कुठाय हो?" "त्या भोकात." "मला तर अंधारच दिसतोय." "अंधारातच असतो तो, गोंधळ नको." पलीकडच्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी बी असं काहीतरी करावं. नुसते मोबाईल बघत बसतेत." इतर कुठल्याही दिवशी मी यावर नम्रपणे कमरेत वाकलो असतो.

मग मामी रेघ ओलांडून पुढे गेल्या.

"मामी!"

"सगळ्यात थोरली मी. पयली पूजा मीच करणार. लांबून काय देवाला खडे मारायचे?" आणि तळाजवळच्या त्याच भोकासमोर, हातभर अंतरावर, त्या खाली बसल्या. त्या बसल्या म्हणजे काय झालं, हे फक्त मला, बायकोला आणि त्यांच्या गुडघ्यांना माहीत होतं. आता त्या आपणहून उठू शकत नव्हत्या. पळणं तर दूरच.

बायकोने माझा दंड धरला. तिची नखं रुतली. "आईला काही झालं ना," ती म्हणाली. तिचे भाऊ दोघेही लांब गावी. वडील गेले त्याला वर्षं झाली. त्या म्हाताऱ्या बाईशिवाय तिला माहेर म्हणून काही उरलेलं नाही. मी रेघ ओलांडून मामींच्या मागे जाऊन उभा राहिलो. शौर्य नव्हतं त्यात. लांब उभं राहिलं तर भीती जास्त वाटत होती, एवढंच. सरकारी दवाखाना किती लांब आहे, गाडीत पेट्रोल आहे का, रिक्षा लवकर मिळेल का, हे मी मनात घोकत होतो आणि हात मात्र जोडलेले होते.

मामींनी हळदकुंकू वाहिलं. लाह्या टाकल्या. वाटी ठेवली. मग त्यांनी वाटी पुन्हा उचलली, भोकाशी नेली.

"आत न्हाई, मावशी, आत न्हाई!" सर्पमित्र ओरडले.

मामींनी वाटी खाली ठेवली. पण तोवर मागे बायकांनी गाणं धरलं होतं आणि गाण्याबरोबर पाय. मऊ, भुसभुशीत, मी वर्षभर राबून केलेली ती माती पायांखाली दबायला लागली. सर्पमित्र म्हणाले, "पाय आपटू नका हो, हादरा बसतोय आत." कोण ऐकतंय? ते वाकले, ताठ झाले आणि त्यांचा एक हात वर गेला. तो हात मात्र सगळ्यांनी पाहिला. गाणं अर्ध्यात तुटलं.

भोकाच्या कडेला एक डोकं आलं होतं. चिंचोक्याएवढं. ते थांबलं, जीभ बाहेर काढून आत घेतली, मग बाकीचं अंग घेऊन लिंपणावरून खाली उतरलं. ओलं, चकचकीत, पेन्सिलीच्या जाडीचं. उतरून ते मामींच्या उजव्या पायाकडे निघालं.

"मावशी, हलायचं न्हाई," सर्पमित्र अगदी हळू म्हणाले. "श्वास घ्या, पण पाय हलवू नका."

मामी हलल्या नाहीत. ओठ मात्र पुटपुटत होते. मी त्यांच्या मागे होतो, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होती मान. डोक्यावरचा पदर घसरून खांद्यावर आला होता आणि त्यांनी तो वर घेतला नाही. तेव्हा मला कळलं, बाई घाबरलीय. देवाची बहीण, चार घरांना आमंत्रण देणारी, फावड्यापुढे उभी राहणारी ही बाई माझ्याइतकीच घाबरलीय. ते कळल्यावर माझी उरलीसुरली हिंमतही संपली, कारण तोवर मी तिच्याच जिवावर उभा होतो.

पिल्लू पायाच्या अंगठ्याशी आलं. अंगठ्यावर चढलं. जोडव्यापाशी थांबलं. कुंपणाबाहेरून जाणाऱ्या रिक्षाचा हॉर्न वाजला. सर्पमित्र गुडघ्यावर आले, आकडी बाजूला ठेवली, हात पुढे केला, आणि बघता बघता ते पिल्लू त्यांच्या बोटांत वळवळत होतं. त्यांनी ते उजेडात धरलं. डोळ्यांजवळ नेलं. फणा काढतंय का पाहिलं. अंगावरचे पट्टे पाहिले.

"धामण!" ते म्हणाले आणि हेल्मेटमधून हसले. "धामणीचं हाय सर! विष न्हाई, काही न्हाई! खेळवा आता!"

बायकोने माझा दंड सोडला आणि रडायला लागली. बायकांनी हात जोडले, कुणी टाळ्या वाजवल्या, पलीकडच्या वहिनींनी लगेच फोटो काढला. मला हसू येत होतं आणि दात वाजत होते. "मामी," मी वाकून म्हणालो, "ऐकलंत ना? बिनविषारी आहे. उंदीर खाणारी. आता निवांत पूजा करा."

 मामी भोकाकडे बघत होत्या. मीही बघितलं. भोकाच्या कडेला दुसरं डोकं आलं होतं. त्याच्या खांद्यावरून तिसरं. आणि बाजूच्या भोकातून आणखी एक, घाईघाईने, उशीर झाल्यासारखं. सगळी खाली उतरली आणि मामींच्या लुगड्याच्या निऱ्यांकडे निघाली.

सर्पमित्र सांगत होते, काही करत नाहीत ती, बसून राहा. बायका सांगत होत्या, भाग्य लागतं हो, हात जोडा. आणि मामींनी, ज्यांनी माझ्यासमोर इतक्या वर्षांत पदर पडू दिला नव्हता, मागे वळून दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या,

"जावईबापू, देव ऱ्हाऊ द्या तिकडं, आधी मला उचला!"